पैसे नसले तरी रिपोर्ट पाठवा

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं पगार आणि सुपरबद्दल (म्हणजे मालकाने पगारावर माणसाच्या निवृत्तीच्या फंडात भरायचे पैसे) आहेत, आणि ते साहजिक आहे कारण १ जुलै २०२६ तोंडावर आलाय आणि त्या दिवसापासून ऑस्ट्रेलियात सुपर भरायची पद्धतच बदलतेय. मी रजिस्टर्ड बास एजंट आहे (बास म्हणजे धंद्याने ठरलेल्या मुदतीत द्यायचं टॅक्सचं विवरणपत्र), रोज हेच काम करते, पण इथे दिलेली उत्तरं सगळ्यांसाठी म्हणून दिलीयत, तुमचे आकडे तुमच्या एजंटला दाखवूनच शेवटचं काय ते ठरवा. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: ताई, माझी क्लीनिंगची छोटी कंपनी आहे, मी एकटाच डायरेक्टर, सहा माणसं कामाला. एक मोठं कॉन्ट्रॅक्ट गेलं आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. पगार मी कधीच चुकवला नाही, पण डिसेंबर क्वार्टरचं बास पाठवूनही पैसे भरता आले नाहीत, आणि जानेवारीपासून एसटीपी (प्रत्येक पगाराचा ऑनलाइन रिपोर्ट) पाठवणंच बंद केलंय, कारण पाठवलं की एटीओला, म्हणजे टॅक्स खात्याला, कळणार आणि ते पैसे मागणार. मार्चचं बास राहिलंय, सुपरही राहिलंय. बायकोला काही सांगितलेलं नाही. रात्री तीनला जाग येते आणि मग मी खाली जाऊन व्हॅनमधे बसून राहतो. काय करू?
(मेलबर्नहून एक वाचक)

दादा, पत्र लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आणि तुम्ही पैशांपासून सुरुवात केलीत पण मी शेवटच्या ओळीपासून करते, कारण ती मी दोनदा वाचली. रात्री तीनला उठून व्हॅनमधे बसणारा माणूस आळशी नाहीये किंवा बेजबाबदारही नाहीये, तो एकटा पडलाय. या आठवड्यात एक काम करा, तुमच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) अपॉइंटमेंट घ्या आणि झोपेचं जसं आहे तसं सांगा. जीपीने मेंटल हेल्थ प्लॅन करून दिला तर वर्षाला सायकॉलॉजिस्टच्या १० सेशनपर्यंत मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विम्याची) सवलत मिळते. जीपीकडे जायचं नसेल तर बियॉन्ड ब्लू या संस्थेचा न्यूअॅक्सेस नावाचा कार्यक्रम आहे, तो खास छोट्या धंदेवाल्यांसाठी आहे, फुकट आहे, फोनवर किंवा व्हिडिओवर सहा सेशन होतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि तिथे बोलणारे कोच स्वतः छोटा धंदा जवळून बघितलेले असतात, त्यामुळे कॅशफ्लो म्हणजे काय हे त्यांना पहिल्यापासून समजवावं लागत नाही. आणि एखाद्या रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर लाइफलाइनचा १३ ११ १४ हा नंबर २४ तास चालू असतो, तिथे त्याच क्षणी फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आता पैशांचं. आकडे कळवणं आणि पैसे भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही दुसरं जमत नाही म्हणून पहिलंही थांबवलंत. हीच चूक मी सगळ्यात जास्त बघते, आणि ती चांगल्या माणसांकडून होते, कारण त्यांना वाटतं पैसे नसताना आकडे पाठवणं म्हणजे उघडं पडणं. खरं उलटं आहे. पगारातून कापलेला टॅक्स आणि माणसांचं सुपर हे कंपनीचं देणं असलं तरी कंपनीने भरलं नाही तर ते डायरेक्टरच्या अंगावर वैयक्तिक येऊ शकतं. एटीओ डायरेक्टर पेनल्टी नोटीस पाठवतं आणि त्यानंतर २१ दिवस मिळतात. आता इथे फरक बघा. कापलेल्या टॅक्सचा आकडा तुम्ही ठरलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत कळवलेला असेल, तर त्या २१ दिवसांत तुमच्यापुढे पैसे भरण्याशिवाय दुसरेही कायदेशीर मार्ग असतात, म्हणजे कंपनी अगदीच वाचत नसेल तर ती अॅडमिनिस्ट्रेशनमधे टाकता येते (बाहेरच्या अधिकृत प्रशासकाच्या ताब्यात देता येते) आणि घर वाचतं. आकडा कळवलाच नसेल तर ते मार्ग बंद होतात, उरतं फक्त पैसे भरणं. म्हणजे गप्प बसून तुम्ही घर वाचवत नाही आहात, धोक्यात घालताय.

मार्च क्वार्टरचं बास २८ एप्रिलला द्यायचं होतं, म्हणजे तीन महिने धरले तर २८ जुलैपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे, पण तेवढं थांबू नका. सुपरचं घाईचं आहे. मार्च क्वार्टरचं सुपर २८ एप्रिलला फंडात पोचायला हवं होतं, ते गेलं नाही, त्यामुळे आता सुपर गॅरंटी चार्ज स्टेटमेंट (राहिलेल्या सुपरचा हिशोब देणारा फॉर्म) द्यावं लागेल आणि त्याची तारीख २८ मे आहे. हा अंक मेच्या सुरुवातीला निघतोय, म्हणजे ही तारीख अजून गेलेली नाही. तुम्ही ज्या दंडाला घाबरताय तो काय आहे ते पण सांगते. राहिलेलं सुपर, त्यावर क्वार्टरच्या पहिल्या दिवसापासून १० टक्के व्याज, आणि माणशी २० डॉलर फी, म्हणजे सहा जणांचे १२० डॉलर. शिवाय हिशोब ओव्हरटाइमसकट सगळ्या पगारावर होतो आणि ही रक्कम खर्च म्हणून टॅक्समधून वजा होत नाही, ते नुकसान आहेच. पण स्टेटमेंट वेळेत दिलं नाही तर यावर आणखी २०० टक्क्यांपर्यंत पेनल्टी लागू शकते. १२० डॉलर आणि २०० टक्के, यातलं काय निवडायचं ते एका फॉर्मवर ठरतं.

तुम्ही रिपोर्ट बंद केल्याने एटीओला काही कळत नाही असंही समजू नका हं. सुपर फंड त्यांना स्वतंत्रपणे कळवतात की कुणाच्या खात्यात किती आलं, आणि दर पगाराला येणारं एसटीपी अचानक थांबलं तर ते थांबलेलंही दिसतं.

मग क्रम असा ठेवा. आधी एजंटकडे बसून जानेवारीपासूनचे पे रन (प्रत्येक पगाराचे राहिलेले एसटीपी रिपोर्ट) पाठवा, मग मार्चचं बास, मग सुपरचं स्टेटमेंट. हे झालं की पेमेंट प्लॅन मागा. टॅक्सचं देणं २,००,००० डॉलरपर्यंत असेल तर हप्ते ऑनलाइनच ठरवता येतात, पण आकडे पोचलेले असले तरच हे नीट होतं, म्हणून ते आधी. हप्त्यांवरही व्याज चालूच राहतं, आणि १ जुलै २०२५ पासून त्या व्याजाची टॅक्समधे वजावट मिळत नाही, तेव्हा झेपेल असा पण फार लांब न जाणारा हप्ता धरा. पहिल्याच महिन्यात चुकेल असा मोठा हप्ता कबूल करू नका, लोक लाजेपोटी तसं करतात आणि मग प्लॅन मोडतो. देणी बऱ्याच जणांची असतील तर स्मॉल बिझनेस डेट हेल्पलाइन आहे, १८०० ४१३ ८२८, तिथले फायनान्शियल काउन्सेलर एकही पैसा घेत नाहीत आणि तुमच्या बाजूने बसून कुणाचं आधी द्यायचं ते ठरवायला मदत करतात.

एक सांगते. काही वर्षांपूर्वी एक क्लायंट माझ्याकडे आले, त्यांच्या व्हॅनच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ११ पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं. आम्ही ती माझ्या किचन टेबलावर एकेक करून फोडली. पाच पाकिटांत तेच एक जुनं स्टेटमेंट पुन्हा पुन्हा पाठवलेलं होतं. एक तर एटीओचं नव्हतंच, गाडीच्या रेजोचं (रजिस्ट्रेशनचं) होतं. शेवटी प्रत्यक्षात उत्तर द्यायची पत्रं निघाली तीन. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसतेच त्या तीन पत्रांकडे बघत बसले, आणि मग म्हणाले मी दीड वर्ष या कप्प्याला हात लावला नाही, टायर प्रेशरची चिठ्ठी पण त्यातच होती.

बायकोला सांगा दादा. सगळे आकडे तयार झाल्यावर सांगीन असं ठरवलंत तर ते कधीच तयार होणार नाहीत. तिला बहुतेक काहीतरी बिनसलंय हे माहीत आहेच, काय ते फक्त माहीत नाहीये, आणि न कळलेलं जास्त भीतीदायक असतं.

प्रश्न: कॅफे आहे, दर गुरुवारी पगार करतो. नवीन पेडे सुपरमुळे नेमकं काय बदलणार? आम्ही एटीओच्या फुकट क्लिअरिंग हाउसमधून (एकदम भरलेलं सुपर प्रत्येकाच्या फंडात पोचवणारी सोय) सुपर भरतो आणि दर तीन महिन्यांनी एकदाच बघतो.
(ब्रिस्बेन)

बदलणार आहे तारीख, आणि तुमच्यासारख्यांना जुलै महिना जड जाणार आहे म्हणून आत्ताच लिहितेय.

आत्तापर्यंत सुपर क्वार्टरला एकदा भरलं तरी चालत होतं, क्वार्टर संपल्यावर २८ दिवस मिळायचे. १ जुलै २०२६ पासून प्रत्येक पगाराबरोबर सुपर निघायला हवं आणि पगाराच्या दिवसानंतर ७ बिझनेस डेजच्या आत ते माणसाच्या फंडात पोचलेलं हवं. पाठवलेलं नाही, पोचलेलं. तुमचा जुलैतला पहिला गुरुवार २ तारखेला येतो. त्या दिवशीचा पगार जरी जूनच्या शेवटच्या कामाचा असला तरी पगार १ जुलैनंतर झाला म्हणून नवीन नियम लागणार, आणि ते सुपर १३ जुलैच्या सोमवारपर्यंत फंडात दिसायला हवं. नवीन माणूस लागला असेल तर त्याच्या पहिल्या वेळेला २० बिझनेस डेज मिळतात, कारण त्याच्या फंडाची माहिती मिळवायला वेळ जातो.

आता खरा चिमटा कुठे बसतो ते सांगते. समजा तुमचा आठवड्याचा पगार ५,००० डॉलर आहे. १२ टक्क्यांनी सुपर झालं ६०० डॉलर. एप्रिल ते जूनच्या १३ आठवड्यांचं ७,८०० डॉलर सुपर जुन्या नियमाने २८ जुलैपर्यंत द्यायचंय, आणि त्याच जुलैत नवीन नियमाने दर आठवड्याचे ६०० पण सुरू. म्हणजे एका महिन्यात दहा हजारांच्या आसपास फक्त सुपरला जाणार आणि त्यात २८ जुलैलाच जून क्वार्टरचं बासही आहे. हे पुढे दर वर्षी होणार नाही, एकदाच होणार आहे, पण त्या एका महिन्यात पगाराला पैसे कमी पडले तर आठवण कायमची राहते. म्हणून मे पासूनच दर गुरुवारी पगाराबरोबर ६०० बाजूला काढा, आणि जमेल तसं जून क्वार्टरचं सुपर जूनमधेच भरत जा. जुलै तुम्हाला हलका जाईल, आणि हातात असलेले ६०० माझे नाहीत ही सवय पण लागेल. बऱ्याच धंद्यांमधे हे क्वार्टरचं सुपर नकळत बिनव्याजी ओव्हरड्राफ्टसारखं वापरलं जात होतं, दूधवाल्याचं बिल त्यातून, भाडं त्यातून, आणि १ जुलैपासून ती सोय संपतेय.

आणि ते फुकट क्लिअरिंग हाउस ३० जून २०२६ नंतर बंद होतंय, नवीन लोकांना तर ऑक्टोबर २०२५ पासूनच घेत नाहीत. त्यामुळे तुमच्या पेरोल सॉफ्टवेअरमधे सुपर भरायची सोय आहे का ते या महिन्यातच बघा, नसेल तर दुसरं शोधा आणि जुलैच्या आधी एक-दोनदा छोटी रक्कम पाठवून फंडात पोचायला किती दिवस लागतात ते मोजा. जुन्या पेमेंटचे रेकॉर्ड ३० जूनच्या आधी डाउनलोड करून ठेवा, नंतर दिसणार नाहीत. हे लोक हमखास विसरणार आहेत म्हणून पुन्हा लिहिते, रेकॉर्ड डाउनलोड करा.

प्रश्न: फेब्रुवारीत पेरोल सॉफ्टवेअर बदललं. आता एक मुलगी म्हणतेय की मायगव्हमधे (सरकारी ऑनलाइन खात्यात) तिचं उत्पन्न दुप्पट दिसतंय आणि ती घाबरलीय. माझं काय चुकलं?

फार घाबरू नका, तिलाही सांगा, हे दुरुस्त होतं. एसटीपीमधे आपण त्या एका आठवड्याचा पगार पाठवत नसतो, वर्षाच्या सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंतची बेरीज पाठवत असतो. समजा जुन्या सॉफ्टवेअरने जानेवारी अखेर १८,००० कळवले होते. नव्यात तुम्ही तेच १८,००० ओपनिंग बॅलन्स म्हणून टाकलेत आणि पुढचे पगार जोडत गेलात. पण प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, त्यामुळे एटीओला वाटतं की ही दोन वेगळी खाती आहेत आणि जुने १८,००० तिथे तसेच राहून जातात. उपाय म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधून तिचे आकडे शून्य करणारं अपडेट पाठवायचं, म्हणजे फक्त नवे राहतात. जुन्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन अजून बंद केलं नसेल तर करू नका, आधी हे काम उरका. बंद केलं असेल तर त्यांच्या सपोर्टला फोन करा.

बेरीज पाठवायच्या या पद्धतीचा एक फायदाही आहे. एखाद्या आठवड्यात आकडा चुकला तर पुढच्या पे रनमधे बरोबर बेरीज गेली की चूक आपोआप पुसली जाते. चूक लक्षात आल्यापासून १४ दिवसांत, किंवा तुमच्या पुढच्या नेहमीच्या पे रनमधे, दुरुस्त करायची असते. आणि १४ जुलैच्या आत वर्षाचं फायनलायझेशन (आकडे अंतिम आहेत असं एटीओला कळवणं) करायला विसरू नका, तोपर्यंत त्या मुलीच्या स्टेटमेंटवर टॅक्स रेडी असं येणार नाही आणि ती तुम्हाला रोज विचारत राहील, आणि बरोबरच आहे तिचं.

प्रश्न: मी सोल ट्रेडर आहे (कंपनी नाही, स्वतःच्याच नावावर धंदा), गार्डनिंग. धंद्यातून घरखर्चाला पैसे काढतो ते एसटीपीत दाखवायचे का? बायको इन्व्हॉइसचं काम बघते, तिला पगार देतो.

तुम्ही स्वतःसाठी काढता ते पगार नाहीच, ते दाखवायचं नाही. बायकोला खरंच कामाचा पगार देत असाल तर ती कर्मचारी, तिचं एसटीपी आणि सुपर दोन्ही आलं. महिन्याला ४५० डॉलरच्या खाली सुपर नाही असं कुणी सांगितलं तर तो नियम १ जुलै २०२२ ला गेला. आणि तुमचं स्वतःचं सुपर कुणी भरत नाहीये हे लक्षात असू द्या, थोडं का होईना स्वतःच टाकत जा.

प्रश्न: आमच्या दुकानातल्या एका कॅज्युअलला मी दीड वर्ष चुकीच्या लेव्हलचा रेट देत होतो, आत्ता कळलं. आता कमी पगार दिला तर जेल होते म्हणतात. मी गप्प बसू का पुढच्या पगारापासून रेट वाढवून?
(अॅडलेड)

गप्प बसू नका. १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी पगार देणं हा गुन्हा आहे, हे खरं. पण जाणूनबुजून हा शब्द महत्त्वाचा. तुमची चूक होती, आणि ती प्रामाणिक होती हे दाखवायचा उत्तम मार्ग म्हणजे कळल्याबरोबर दुरुस्त करणं. कळल्यानंतर गप्प बसलात तर मग ती नुसती चूक म्हणता येत नाही, इथेच माणसं स्वतःचं नुकसान करून घेतात.

रोस्टर आणि टाइमशीट काढा, प्रत्येक आठवड्याचे तास लिहा, शनिवार-रविवार आणि पब्लिक हॉलिडे वेगळे काढा कारण फरक तिथेच मोठा निघतो, फेअर वर्कच्या (पगार आणि कामाचे नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) वेबसाइटवर पगार मोजायचं कॅल्क्युलेटर आहे त्यात घाला. निघालेला फरक द्या, त्यावरचं सुपर द्या, पे स्लिपमधे वेगळी ओळ दाखवा आणि एसटीपीत पाठवा. पे स्लिप पगार झाल्यापासून एका वर्किंग डेच्या आत द्यावी लागते आणि पगाराचे रेकॉर्ड ७ वर्षं ठेवावे लागतात, तेव्हा हा हिशोबाचा कागदही फाइलला लावा. शंका असेल तर फेअर वर्कचा १३ १३ ९४ आहे. पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांसाठी त्यांचा एक कोडही आहे, तो पाळला असेल तर फौजदारीसाठी प्रकरण पुढे पाठवलं जात नाही, तो एकदा वाचून घ्या.

आणि त्या मुलाला समोर बसवून सांगा, माझ्याकडून चुकलं, हा हिशोब. पैसे एकदम जमत नसतील तर लेखी ठरवून हप्त्याने द्या. मी हे तीन-चार धंद्यांमधे झालेलं बघितलंय आणि माणूस सोडून गेला असं एकदाही झालं नाही.

प्रश्न: नवऱ्याचा टाइल्सचा धंदा आहे. तो दिवसभर साइटवर, एटीओचे फोन तो घेत नाही कारण इंग्रजीत पटपट बोलतात म्हणून त्याला दडपण येतं. मी फोन केला तर ते म्हणतात तुमच्याशी बोलू शकत नाही. मग घरातली कोंडी फुटणार कशी?
(सिडनी)

वहिनी, हे सोपं आहे आणि एका फोनने होतं. तो एकदा शेजारी बसलेला असताना एटीओच्या बिझनेस लाइनला, १३ २८ ६६ ला फोन लावा, त्याची ओळख पटवून झाली की तुमचं नाव ऑथराइज्ड काँटॅक्ट म्हणून घालायला सांगा. मग पुढे तुम्ही बोलू शकता. आणि इंग्रजीचं दडपण असेल तर आधी टीआयएस या सरकारी दुभाषी सेवेच्या १३१ ४५० ला फोन करून भाषा सांगायची, दुभाषी लाइनवर घेऊन तेच एटीओला जोडून देतात. त्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत. यात कमीपणा काही नाही, मी वीस वर्षं इथे आहे आणि टॅक्सचं पत्र मला अजूनही सावकाश वाचावं लागतं.

एक काळजी घ्या, तो काय बोलत नाही त्याची यादी करून त्याच्यापुढे ठेवू नका. आठवड्यातला अर्धा तास ठरवा, रविवारी सकाळी म्हणा, फोन बाजूला, त्या आठवड्याचं आलेलं सगळं दोघांनी मिळून उघडायचं आणि अर्धा तास झाला की बंद, राहिलेलं पुढच्या रविवारी. फोन लावायचा तर सोमवारी लावा, आणि पावसाचा दिवस असेल तर उत्तम, साइट बंद असते आणि तो घरी असतो.